कोंडी, अपघात आणि कर्ता

बेंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड १८८२ साली वसले ते शेतीसाठी. म्हैसूरच्या महाराजांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाच्या संस्थेला जमीन दिली आणि त्या समाजाचे मद्रासमधील पुढारी डी. एस. व्हाइट यांचे नाव गावाला मिळाले. त्या जुन्या वस्तीचे वर्तुळ, ‘इनर सर्कल’, आजही ओळखता येते. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच परिसरात इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले आणि गावाच्या मापाने आखलेल्या रस्त्यांवर महानगराचा भार आला. टॉमटॉम या कंपनीच्या पाहणीनुसार २०२३ साली बेंगळुरूच्या मध्यभागात दहा किलोमीटर जाण्यास सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागत होते. पुण्याचा आकडा २७ मिनिटे ५० सेकंदांचा होता. तेव्हा वीस सेकंदांच्या बळावर मराठी वाचकाने बेंगळुरूकरांची कीव करावी, असे काही नाही.

या प्रश्नाची चर्चा सहसा अभियंते आणि पोलीस करतात. वस्तुतः तो आधी भाषेचा आणि म्हणून नीतीचाही प्रश्न आहे. ‘ट्रॅफिकमध्ये अडकलो’ असे म्हणणारा माणूस स्वतःला ट्रॅफिकमधून वगळतो. ‘कोंडी’ हा शब्द ‘कोंडणे’ या सकर्मक क्रियापदाशी जोडलेला आहे; कोंडणारा आणि कोंडला जाणारा असे दोन पक्ष त्यात गृहीत आहेत. परंतु रस्त्यावर दोन्ही पक्ष एकाच मोटारीत बसलेले असतात. ‘अपघात झाला’ या वाक्यात तर याहून विलक्षण गोष्ट घडते. त्यात चालक नाही, रस्ता आखणारा नाही, वेगमर्यादा ठरवणारा नाही. व्याकरणदृष्ट्या अपघात हाच कर्ता आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ साली ‘अपघात’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आपल्या पानांतून वर्ज्य करण्याचे ठरवले, त्यामागे हीच अस्वस्थता होती: जे टाळता आले असते त्याला अपघात का म्हणावे? मराठीत असा निर्णय कोणी घेतल्यास हास्यास्पद ठरेल. प्रश्न मात्र हास्यास्पद नाही.

डेरेक परफिट या तत्त्वज्ञाने १९८४ साली एक कल्पित प्रसंग मांडला होता. हजार छळकांपैकी प्रत्येक जण एक कळ दाबतो. तिने प्रत्येक बळीची वेदना जाणवणारही नाही इतकीच वाढते, पण सगळ्यांच्या कळा मिळून ती असह्य होते. होप फार्मच्या चौकात आपली गाडी घालणाऱ्याची स्थिती अशीच आहे. त्याच्या एका गाडीने काही बिघडत नाही, हे त्याचे म्हणणे खरे असते.

येथे एक भेद करणे अवश्य आहे, कारण कोंडी आणि सुरक्षितता यांचा उल्लेख नेहमी एका दमात होतो. कोंडी वेळ घेते. वेग जीव घेतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. तुंबलेल्या रस्त्यावर माणूस वैतागतो, मोकळ्या रस्त्यावर तो मरण्याचा संभव वाढतो. तेव्हाच्या बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेने वेल्लारा जंक्शनपासून होप फार्मपर्यंत ‘सिग्नलविरहित’ मार्गाची योजना आखली. हे विशेषण कोणाच्या बाजूने बोलते? सिग्नल म्हणजे मोटारीला अडथळा. पायी चालणाऱ्याला मात्र रस्ता ओलांडण्याची तेवढीच काय ती संधी. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, आणि ४४.५ टक्के दुचाकीवरचे. मिनिटे एका वर्गाची वाचतात आणि जीव दुसऱ्याचे जातात, हा हिशेब कोणी उघडपणे मांडत नाही. मांडला तर तो करता येणार नाही.

बर्नार्ड विल्यम्स यांनी ‘नैतिक दैवा’वरील १९७६ सालच्या निबंधात एका लॉरीचालकाचे उदाहरण घेतले आहे. त्याची काही चूक नसताना एक मूल त्याच्या लॉरीखाली सापडते. हळहळ बघ्यांनाही वाटते. पण चालकाला जे वाटते ते निराळ्या जातीचे असते, आणि तसे वाटले नाही तर त्याच्याविषयीच शंका येईल. आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताची जी विस्तृत मांडणी केली आहे, तीत कामतः आणि अकामतः केलेल्या पापांचा भेद येतो. हेतू नसला तरी कर्म कर्त्याला चिकटते. आधुनिक कायद्याने दंड ठेवला, विमा ठेवला. प्रायश्चित्ताची जागा मात्र रिकामी राहिली. तथापि तेथे परतूनही भागणार नाही. प्रायश्चित्ताला एक माणूस लागतो, आणि चुकीच्या वळणावर पाच वर्षांत पाच जण गेले तर शेवटच्या चालकाने उपवास करून वळण सरळ होत नाही. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली ‘शून्य मृत्यू’चे धोरण स्वीकारले तेव्हा उत्तरदायित्वाचा मोठा वाटा रस्ता घडवणाऱ्यावर टाकला: माणूस चुकणारच, रस्त्याने ती चूक पोटात घालावी. दुर्बळ माणसाला गृहीत धरणारी ही नीती संतवाङ्मयाच्या वाचकाला परकी वाटू नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी सर्जापूर रस्त्यावरील विप्रोच्या आवारातून मर्यादित वाहतूक जाऊ द्यावी, अशी विनंती अझीम प्रेमजी यांना केली. खासगी मालमत्ता व विशेष आर्थिक क्षेत्राच्या अटी यांकडे बोट दाखवून त्यांनी ती नाकारली, आणि शास्त्रीय अभ्यासाला साहाय्य देऊ केले. नकार कायदेशीर होता यात संशय नाही. शासनालाच रस्ता मागण्यासाठी कोणाच्या फाटकाशी जावे लागावे, ही त्यातली अधिक बोलकी गोष्ट.

२०२३ साली मेट्रो व्हाइटफील्डला पोचली आणि अनेकांची सुटका झाली. स्थानकातून खाली उतरलेला प्रवासी मात्र पुन्हा पादचारीच होतो. आळंदी व देहूच्या पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी २०२१ साली पंढरपुरात झाली, तेव्हा वारकऱ्यांसाठी बाजूने स्वतंत्र पायवाट आखण्यात आली. चालणाऱ्याचा हक्क राज्यसंस्थेला समजतच नाही असे नव्हे. तो लाखोंनी आणि टाळमृदंगासह आला की तिला समजतो. व्हाइटफील्डमध्ये सकाळी घरकामाला निघालेली बाई रस्ता ओलांडते तेव्हा ती एकटी असते, आणि दोन वाहनांमधल्या फटीची वाट पाहत दुभाजकावर उभी असते.