निखाऱ्यापुढचे दोघे

ज्योतीचे कौतुक सगळेच करतात. दिवाळी तर तिचाच सण. निखाऱ्याच्या वाट्याला तेवढे कौतुक येत नाही. आपल्या बोलण्यातसुद्धा ज्योत आशेची आणि निखारा रागाचा. स्वयंपाकाचा अनुभव मात्र उलटा आहे. भडकलेल्या जाळावर वांगे धरले तर साल करपते आणि गर कच्चा राहतो. जाळ बसून निखाऱ्यावर राखेचा पांढुरका पदर चढला, की तीच उष्णता वांग्याच्या देठापर्यंत जाऊन पोचते. या गोष्टीचा संसाराला दृष्टान्त देण्याचा मोह कुणालाही होईल. माझ्या मनात मात्र गेले काही दिवस निराळाच प्रश्न घोळतो आहे. नवराबायको एका शेगडीपुढे शिकायला बसली, तर चुकण्याची मुभा कुणाला किती?

आमच्या करकंबाकडे, म्हणजे पंढरपूर तालुक्याच्या उत्तर अंगाला, ही विद्या पूर्वी मुद्दाम शिकावी लागत नसे. शाळूची कणसे हुरड्यात आली की रानात आगटी पेटायची. लहानसा खड्डा, त्यात गोवऱ्या. धूर सरला की कणसे आरात खुपसायची आणि फिरवत राहायचे. भाजणारा एक, चोळणारा दुसरा. भाजणाऱ्याने घाई केली तर दाणा कच्चट राहतो. उशीर केला तर दाणा करपतो. चटका मात्र दोन्ही वेळा चोळणाऱ्याच्याच तळहाताला. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती नावाजलेली भाकरीसाठी. हुरड्याला गूळभेंडी किंवा सुरती हवी. दाण्यातल्या गोडीचे पीठ होण्याआधीचे दिवस मोजकेच असतात. त्यात जो खाईल त्याचा हुरडा.

या विद्येची वाटणी मात्र ठरलेली होती. रानातल्या आगटीवर बहुधा पुरुष बसायचा. घरात चुलीतला आर पुढे ओढून त्यावर भाकरी फुगवायची ती बाईने. आगटी वर्षातून चार दिवस, चूल वर्षाचे सगळे दिवस. पुढे 1980 साली उजनी धरण पुरे झाले, कालव्याचे पाणी फिरले आणि ज्वारीच्या कितीतरी रानांत ऊस उभा राहिला. 2016 साली उज्ज्वला योजना आली आणि गरिबाच्या घरीही सिलिंडर दिसू लागला. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती पोखरलेल्या बायका ज्याने पाहिल्या आहेत, तो गॅसला नावे ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. पण निखाऱ्याची विद्या दोन्हीकडून विरळ झाली खरी. म्हणून हल्लीची जोडपी लोखंडी शेगडी विकत आणतात आणि आजीआजोबांना न शिकवता येत असे ते गच्चीवर नव्याने शिकतात. चाळिशी उलटल्यावर आम्ही उभयतांनीही तेच केले.

शिकण्यासारखे फार नसते, पण जे असते ते संयमाचे असते. कोळसा पेटवून वीसपंचवीस मिनिटे नुसते थांबायचे. शेगडीच्या एका बाजूला निखारे दाट ठेवायचे, दुसऱ्या बाजूला विरळ. म्हणजे एकीकडे पदार्थ चटकन रंगतो आणि दुसरीकडे सावकाश शिजतो. वारा घालायचा तो बेताने. वांग्याला तेलाचा हात लावून दोनचार टोचे मारायचे, नाही तर ते फुटते. आणि शेगडी बंद खोलीत कधीही न्यायची नाही, कारण कोळशाचा वायू विषारी असून त्याला वास नसतो. यातले निम्मे आमच्या सौभाग्यवतींना उपजत ठाऊक होते. "अहो, जरा दम धरा, अजून राख नाही धरली," हे वाक्य मी एका संध्याकाळी किती वेळा ऐकतो ते सांगत नाही.

पण पाहुणे आले की गंमत होते. शेगडीपुढे पुरुष दिसला की सगळे भोवती जमतात. वांगे साधले तर वाहवा. करपले तर हशा, आणि त्या हशातही कौतुकच. तीच बाई आत भाकऱ्या थापत असते. तिच्या वीस भाकऱ्या फुगल्या तर कुणी बोलत नाही. एकविसावीला डाग पडला तर ताटावर बसलेल्याची भुवई चढते. असे का व्हावे?

मला वाटते, हौस ही आपण देणगी समजतो आणि कर्तव्य हे कर्ज. देणगी थोडी कमी पडली म्हणून देणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. कर्जाचा हप्ता वेळेवर भरला म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. चुकला की नोटीस येते. कुणी म्हणेल, दोन वेळच्या भाकरीला दोन्ही वेळा वाहवा करायची काय? तेवढी अपेक्षा कुठल्याच बाईची नसते. तिला हवी असते ती शेगडीवाल्याला फुकटात मिळणारी मुभा: एखादे दिवशी बिघडले तर बिघडू देण्याची. आणि कर्ज दोघांचे असेल, तर हप्ताही दोघांनी भरायला हवा. आमच्या घरी याची व्याख्या चार शब्दांत झाली आहे: "हौस रविवारी, भूक रोज." रविवारी निखारा शिकलेला हात बुधवारी तव्याकडे वळतो की नाही, यावरून त्या शिकण्याची किंमत करावी.

हा विचार शेगडीपाशीच थांबला असता तर बरे होते. पण शेगडीतला कोळसा येतो कुठून? माळरानावरची वेडी बाभूळ तोडून, तिची लाकडे रचून, वर पाला आणि माती लिंपून भट्टी पेटवतात. आत हवा बेताचीच जावी लागते. लिंपणाला भेग पडली आणि हवा शिरली, की कोळशाऐवजी राख हाती येते. म्हणून रात्रंदिवस पहारा. रायगडाकडची कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की उचल घेऊन कोळसा पाडायला घाटावर आणि कर्नाटकात जातात. तिथेही बहुधा नवराबायको मिळूनच राबतात. एक जागतो, एक निजतो. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, तरी उचलीचा फास पुष्कळांच्या गळ्यातून सुटलेला नाही. त्या दोघांची भट्टी जळून गेली तर भोवती हसायला पाहुणे नसतात. उचल मात्र तशीच अंगावर राहते. आपल्या गच्चीवरच्या दोघांना चुकण्याची जी चैन लाभते, तिच्या खाली अशा दोघांची न चुकण्याची सक्ती असते.

म्हणून कोळसा विकत घेऊ नये, असे मी म्हणत नाही. त्याने त्यांची चूल पेटणार नाही. पोते घेताना भाव पाडण्याची घासाघीस मात्र मी सोडून दिली आहे. त्याने उचल फिटत नाही, हेही मला कळते.

आपल्या लग्नात लाजाहोम असतो. वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि त्या ती अग्नीत सोडते. लाही म्हणजे भाजलेला दाणाच. पाणिनीने तर पत्नी हा शब्दच यज्ञातल्या सहभागावरून साधला आहे. पतीच्या बरोबरीने अग्नीपुढे बसण्याचा जिला अधिकार, ती पत्नी. त्या अग्नीपुढे दोघेही सारखीच नवखी असतात. पुढे एक जण हौशी ठरतो आणि दुसरी बांधील, हे त्या अग्नीने ठरवलेले नसते.

या दिवाळीत शाळू गुडघ्याला लागला असेल. पौषात तो हुरड्याला येईल. तेव्हा जी जोडपी आगटीवर जातील, त्यांनी एवढेच करून पाहावे: अर्धी कणसे झाली की भाजणाऱ्याने चोळायला बसावे आणि चोळणारीने भाजायला. कुणाचा हात कुणासाठी पोळत होता, ते आपोआप कळेल.