दुसऱ्याचे दुखणे

भाविकहो, अष्टावक्राची कथा आम्ही चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो. आठ ठिकाणी वाकडा देह जनकाच्या सभेत येतो, सभा हसते, आणि शेवटी तोच सभेला शहाणपण शिकवतो. श्रोते माना डोलावतात. पण त्या देहाला सभेपर्यंत चालत येताना किती दुखले असेल, हा प्रश्न आम्हांला कधी सुचला नाही. तो सुचवला एका ठेंगण्या गृहस्थांनी.

उंची जेमतेम सव्वाचार फूट. कीर्तन आटोपल्यावर जवळ येऊन म्हणाले, "बुवा, लोक आमची उंची बघतात, दुखणं कुणी बघत नाही. थोडं चाललं की कंबर धरते, पाय बधिर होतात. वाटेतच उकिडवं बसावं लागतं. लोक म्हणतात, सोंग करतो." आम्ही सवयीने बोलून गेलो, "भोग आहे, सोसावा." ते नुसते हसले. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

मग एका डॉक्टरांना विचारले. या प्रकृतीला अॅकॉन्ड्रोप्लाझिया म्हणतात. तिचे कारण १९९४ साली सापडले: एफजीएफआर३ नावाच्या जनुकात एका अक्षराएवढा फेर. अशी दहांतली आठ मुले सामान्य उंचीच्या आईबापांच्या पोटी जन्मतात. यात कोणाचा दोष नाही. हाडे आखूड राहतात, तशी पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूची व नसांची वाटही अरुंद राहते. वय वाढते तशी ती आणखी आवळते आणि नसा दबतात. पुढे वाकले, उकिडवे बसले, की ती जराशी मोकळी होते. म्हणजे लोक ज्याला सोंग म्हणत होते, तो त्यांचा उतारा होता!

कोणी विचारील, बुवा, कर्मसिद्धान्त सोडलात काय? सोडला नाही. पण तो आपल्या वागणुकीला लावायचा. दुसऱ्याच्या दुखऱ्या कमरेला लावला, की त्याचा निर्दयपणा होतो. 'सोसावे' हा शब्द ज्याचे दुखते त्याने उच्चारावा. आपण विचारावे, 'कुठे दुखते?' आणि तो सांगेल ते खरे मानावे. लोंबत्या पायांखाली पाट सरकवावा, रांगेत बसायला जागा द्यावी. पायांतली शक्ती जाऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

हल्ली कथेत सभा हसते तिथे आम्ही थांबतो आणि श्रोत्यांना विचारतो, "इतके पंडित बसले होते, त्याला बसायला आसन कोणी दिले?"