भागाकार कोणी केला?

दादाच्या तुरीच्या वावरात ओलावा मोजणारं एक छोटं यंत्र बसवायचंय. त्याचा प्रोग्राम मी इथे कामरगावात लॅपटॉपवर लिहिते, पण चालायचाय तो कॉर्टेक्स एम-झीरो या एआरएम चिपवर. नोंदींची सरासरी काढायला एक भागाकार लागतो. लॅपटॉपच्या इंटेल प्रोसेसरला तो एका सूचनेत जमतो, एम-झीरोत मात्र भागाकाराची सूचनाच नाही. मग माझा जीसीसी हा कंपायलर भागाकाराच्या जागी न सांगता एका फंक्शनला बोलावतो. हे फंक्शन असतं जीसीसीच्या 'लिबजीसीसी' या लायब्ररीत. 'नो-एसटीडीलिब' हा पर्याय देऊन बांधणी केली आणि ही लायब्ररी शेवटी स्वतःहून जोडली नाही, तर प्रोग्रामचे तुकडे जोडणारा लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणत अडतो. जोडायची तीही एआरएमसाठी बांधलेलीच. लॅपटॉपच्या लिबजीसीसीतल्या सूचना या चिपला कळतच नाहीत.

मग हा भागाकार केला कोणी?

याचं एक उत्तर मला जवळच सापडलं. आमचं तालुक्याचं गाव कारंजा. जैन भट्टारकांच्या गाद्या आणि हस्तलिखितांची भांडारं असलेलं. त्या परंपरेत मोठा मान असलेल्या कुंदकुंदांच्या 'समयसारा'त कर्ता आणि कर्म यांवर एक अख्खा अधिकार आहे. निश्चयनयाने, म्हणजे मूळ वस्तूच्या दृष्टीने पाहिलं तर घट होते ती माती, कुंभार केवळ निमित्त. त्या न्यायाने प्रत्यक्ष आकडे हलवणारी चिप हीच उपादान, म्हणजे मूळ कारण. मी, कंपायलर, लायब्ररी लिहिणारे, सगळे निमित्त. हे मला मनापासून पटतं, 'मी केलं' हा ताठा त्याने उतरतो. पण तेवढ्यावरून निमित्ताला विसरून जाणं मला मान्य नाही. व्यवहारनय, म्हणजे व्यवहाराची दृष्टी, जैनांनीही टाकून दिलेली नाही.

व्यवहारात या निमित्ताचं देणं काय? जीसीसीची ३१ मार्च २००९ ची रनटाइम लायब्ररी सवलत म्हणते, जीसीसीनेच बांधलेल्या प्रोग्राममध्ये लिबजीसीसी मिसळली, तरी तो हव्या त्या परवान्याखाली द्या. कायद्याने मी मोकळी झाले. ज्यांच्याकडून ज्ञान मिळालं त्यांचं ऋषिऋण मात्र परवान्याने फिटत नाही, ते अध्ययनानेच फिटतं, असं आपल्याकडे मानतात आणि मीही मानते.

म्हणून माझ्यासारखं काम करणाऱ्यांना विनंती आहे. कोणतं फंक्शन कुठून आलं ते नोंदवणारी लिंकरची मॅप फाइल एकदा उघडा. आपलं काम कोणत्या फंक्शनने केलं ते शोधा, त्याचा कोड वाचा, सरकवत आणि वजा करत भागाकार कसा होतो ते समजून घ्या, आणि गावातल्या एखाद्या पोरीला, पोराला शिकवा.