कागदाएवढे अंतर

दिवाळीच्या रात्री आपले गाव पाहावे ते उंचावरून. खाली असताना आपण आपल्याच पणत्यांच्या तेलवातीत गुंतलेले असतो. चार पायऱ्या चढून वर गेले, की शेजाऱ्याचा उजेडही आपलाच वाटू लागतो. २०२१ च्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी असाच आमच्या शाळेच्या गच्चीवर गेलो होतो. गळ्यात थोरल्या मामांनी दिलेला जुना कॅमेरा होता आणि मनात आईला दिलेला शब्द.

गावाच्या पलीकडे दीड-दोन किलोमीटरवर एक टेकडी आहे. तिच्यावर देवीचे देऊळ आणि देवळापुढे दगडी दीपमाळ. आमच्याकडे ती लक्ष्मीपूजनालाही पेटवतात. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आईचे टेकडीवर जाणे सुटले होते. “पेटलेली दीपमाळ एकदा नीट बघायची राहिली रे,” असे ती सहज बोलून गेली आणि मीही तितक्याच सहज म्हणालो, “तुला घरात आणून दाखवतो.”

मामांच्या त्या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरचे रुंद कोनाचे भिंग होते, आणि त्याचे छिद्र एफ १.४ पर्यंत उघडत होते. अंधारात थोडा उजेडही पुरेसा व्हावा, वाऱ्याने हलणाऱ्या ज्योती फिल्मवर फरफटू नयेत, म्हणून मी ते पुरते उघडले. भिंगावरचे कडे फिरवत शेवटच्या अडणीपर्यंत नेले. तिथे आडवा पडलेला आठ कोरलेला असतो, अनंताची खूण. झरोक्यातून पाहिले, दीपमाळेची दोन बिंबे सरकत सरकत एकमेकांवर आली आणि एक झाली. मग शंकेला जागा कुठे उरली? कॅमेरा कठड्यावर टेकवला आणि कळ दाबली.

शहरातून छायाचित्र मोठे करून आले, तेव्हा दीपमाळेच्या जागी फुगलेल्या, पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यांसारखे काहीतरी दिसत होते. मात्र शाळेशेजारच्या घराचे अंगण, गच्चीपासून बारा-तेरा मीटरवरचे, इतके स्वच्छ उतरले होते, की पणतीतली वातसुद्धा मोजावी! आईने छायाचित्र जवळ धरले, लांब धरले, चष्मा पदराने पुसला, आणि म्हणाली, “माझाच चष्मा बदलायला झाला वाटतं.”

त्या एका वाक्याने मला गेली काही वर्षे स्वस्थ बसू दिलेले नाही.

पुढे शहरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे मी कॅमेरा घेऊन गेलो. त्यांनी भिंग उतरवले, मोजमाप केले आणि हसून म्हणाले, “मास्तर, झरोका खोटं बोलत नाही. पण तुम्ही त्याला भिंगाबद्दल कधी विचारलंतच नाही.”

हे बोलणे समजायला या कॅमेऱ्याची रचना थोडी पाहायला हवी. जर्मनीतल्या वेट्झलार गावी ऑस्कर बारनाक या तंत्रज्ञाच्या कल्पनेतून जन्मलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. १९३२ मध्ये त्याला भिंगाशी जोडलेला अंतरमापक मिळाला, आणि १९५४ च्या एम ३ पासून त्याला आजचे रूप आले. या जातीच्या कॅमेऱ्यात आपला डोळा भिंगातून पाहत नाही. तो शेजारच्या एका वेगळ्या झरोक्यातून पाहतो. एकमेकींपासून सुमारे ६९ मिलिमीटरवर, म्हणजे माणसाच्या दोन डोळ्यांत असते साधारण तेवढ्याच अंतरावर, दोन खिडक्या असतात. दोहोंतून आलेली बिंबे एक झाली, की अंतर जुळले असे समजायचे. भिंगाच्या पाठीवर एक कड असते. ती कॅमेऱ्यातला छोटा दांडा ढकलते आणि दांडा दुसरे बिंब सरकवतो. त्या दांड्याला भाषा कळते ती ५० मिलिमीटरच्या भिंगाची. म्हणून रुंद भिंगाच्या पाठीवरची कड म्हणजे त्या भाषेत केलेला एक अनुवादच असतो. अनुवाद बिनचूक असेल, झरोक्यात बिंबे अचूक जुळतील, आणि तरीही खुद्द काच आपल्या जागेपासून किंचित पुढे बसलेली असेल, तर झरोक्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. माझ्या भिंगाचे नेमके तेच झाले होते. काच एक दशांश मिलिमीटर पुढे होती. वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढी.

एवढ्याशा चुकीने काय बिघडते? मी शाळकरी गणित मांडून पाहिले. ३५ मिलिमीटरचे भिंग अनंतावर लावले असताना कागदभर पुढे असेल, तर ते अनंताऐवजी सुमारे १२ मीटरवर पाहते. म्हणजे शेजारच्या अंगणात! २१ मिलिमीटरचे आणखी रुंद भिंग असेल, तर तेवढ्याच चुकीने त्याची नजर साडेचार मीटरच्या आत येऊन पडते. उलट ९० मिलिमीटरचे, अरुंद नजरेचे भिंग तीच चूक करूनही ८० मीटर दूर पाहत राहते. नजर जितकी रुंद, तितकी तीच चूक तिला दूरवरून जास्त ओढून आणते. छिद्राचेही तसेच. एफ ११ वर काम करणाऱ्याला कागदभर चूक कळतसुद्धा नाही, कारण ठिपक्याचा फुगवटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. एफ १.४ वर तो आठपट होतो. अशी रुंद आणि उघडी भिंगे करणे सोपे नव्हते. ३५ मिलिमीटरचे एफ १.४ लायकासाठी १९६१ मध्ये आले, आणि २१ व २४ मिलिमीटरची त्याच छिद्राची भिंगे यायला २००८ साल उजाडले. दरम्यान २००६ मध्ये त्या कॅमेऱ्यात फिल्मऐवजी सपाट डिजिटल पडदा आला. फिल्मच्या वळणात आजवर खपून गेलेल्या चुका त्या पडद्याने उघड्यावर आणल्या.

आणि मला सगळ्यात नवल वाटले ते अनंताचे. जवळच्या वस्तूसाठी आपण दोनदा मोजतो, पुढेमागे होतो. अनंताला मोजावे लागत नाही, अशी आपली समजूत. कडे अडेपर्यंत फिरवले, की झाले! बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणितात ‘खहर’ राशीविषयी सांगितले, की तिच्यात काही मिळवा अथवा तिच्यातून काही वजा करा, तिच्यात फरक पडत नाही. इंग्लंडमध्ये जॉन वॉलिस यांनी १६५५ मध्ये अनंताला तो आडवा आठ दिला. गणितातले अनंत असे निर्विकार आहे. पण माणसाने पितळेच्या कड्यावर कोरलेले अनंत एका कागदाने ढळते.

माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. गावातल्या एका लहानशा शाळेत मराठी शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा संसार. तत्त्वज्ञानाची मोठी पुस्तके मी वाचलेली नाहीत. पण त्या कारागिराच्या दुकानातून निघालो तेव्हा एक प्रश्न माझ्या पाठीमागे लागला. मी मनापासून, चांगल्या हेतूने, पूर्ण खात्रीने चुकलो. अशा चुकीत माझा दोष किती? ‘प्रामाणिक चूक’ या दोन शब्दांच्या पांघरुणाखाली आपण किती वेळा सुखाने झोपतो!

मला २००९ सालची एक गोष्ट आठवली. नववीच्या वर्गात मी ‘माझी आजी’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. एरवी चार ओळींत आटपणाऱ्या एका मुलाने चार पाने लिहून आणली, आणि काय लिहिली होती! वाचता वाचता मला ती वाक्ये कुठेतरी भेटल्यासारखी वाटू लागली. शाळेच्या कपाटातले एक जुने पुस्तक डोळ्यांपुढे आले. एकीकडे त्या मुलाच्या आजवरच्या रुक्ष वह्या, दुसरीकडे त्या पुस्तकाची माझी अंधुक आठवण. दोन बिंबे सरकत सरकत एक झाली. मी कादंबरीकार! भाषेच्या बाबतीत माझा कान चुकेल? भर वर्गात मी म्हणालो, “हे तुझं नाही.” तो एकदा म्हणाला, “माझंच आहे, सर.” मग गप्प राहिला. मी वहीवर लाल शाईने शून्य दिले आणि वर सत्यावर एक छोटेसे भाषणही.

ते कपाट माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होते. मी उठलो नाही.

२०१८ मध्ये जुनी पुस्तके वेगळी काढताना ते पुस्तक हाती आले. उत्सुकतेने मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. त्यात आजीच नव्हती. पुढची चार वर्षे मी स्वतःशी हुज्जत घालण्यात घालवली आणि २०२२ मध्ये, कारागिराकडून परतल्यावर, त्या मुलाला शोधत तालुक्याला गेलो. आता तो मुलगा राहिला नव्हता. स्वतःचे दुकान सांभाळत होता. मी सगळे सांगितले, क्षमा मागितली. त्याने आधी मला चहा दिला, मग म्हणाला, “सर, मला तेव्हा वाटलं, मीच कुठंतरी वाचलं असेल आणि विसरलो असेन. तुम्ही म्हणालात म्हणजे तसंच असणार.” त्यानंतर त्याने कधी चार पाने लिहिली नव्हती.

आईने चष्मा पुसला होता. याने आपले मन पुसून टाकले होते. खात्रीने केलेल्या चुकीचा दंड चुकणारा भरत नाही, आणि जो भरतो त्याला पुष्कळदा आपल्यालाच कमी दिसते असे वाटत राहते. हे कळल्यापासून ‘प्रामाणिक चूक’ हे शब्द मला तितकेसे निरुपद्रवी वाटत नाहीत.

कुणी म्हणेल, अहो मास्तर, माणसाने पदोपदी तपासत बसायचे म्हटले तर जगायचे कधी? खरे आहे. भाजीवाल्याचा हिशेब, पारावरच्या गप्पा, जावयाच्या स्वभावाविषयीची मते, हे सगळे एफ ११ चे काम आहे. तिथे कागदभर चूक पोटात जाते आणि जावी. पण काही कामांत आपण छिद्र पुरते उघडलेले असते. शिक्षक गुण देतो, पंच निवाडा करतो, वैद्य रोगाला नाव ठेवतो, घरातला कर्ता माणूस मुलाच्या भवितव्याविषयी शेवटचा शब्द बोलतो. तिथे चुकीला सामावून घेणारी सैल जागाच नसते. तपासण्याचे कर्तव्य सर्वत्र सारखे नसेल; ज्याच्या शब्दाने दुसऱ्याचे जितके ठरते, तितके ते त्याच्यावर अधिक. आणि जो मोठ्या, रुंद शब्दांत बोलतो, ज्याच्या तोंडी ‘समाज’, ‘माणुसकी’, ‘सत्य’ असतात, त्याने तर जपावेच. तो समजतो आपण क्षितिज पाहतो आहोत, आणि एका कागदाच्या फरकाने पाहत असतो आपलेच अंगण. त्या दिवशी मी सत्यावर बोललो, तेव्हा माझी नजर माझ्या कानाच्या अभिमानापलीकडे गेलीच नव्हती.

आणि तपासायचे कसे, तेही मला कारागिराने शिकवले. दोन बिंबे एक झाल्याचे समाधान हा पुरावा नव्हे. ते झरोक्यातले समाधान आहे. शंभर-दीडशे मीटरच्या पलीकडे डोळ्याला त्या झरोक्यात जवळचे आणि अनंत यांतला भेद उमगत नाही. म्हणून पाण्याच्या टाकीवर किंवा विजेच्या खांबावर भागवू नये. चंद्र घ्यावा, तारा घ्यावा. प्रसंग येण्याआधी, काही पणाला लागलेले नसताना, एक फिल्म त्यासाठी खर्च करावी आणि भिंग काय म्हणते ते त्यालाच विचारावे. नीतीच्या बाबतीत असा तारा कोणता, हे ठामपणे सांगण्याचा अधिकार माझा नाही. मी आपले दोन साधे नियम केले आहेत. कपाट जवळ असेल तर उठून उघडायचे; आणि ज्याच्यावर निकाल पडणार, त्याला एकदा नव्हे, दोनदा विचारायचे.

एक मोह मात्र मी टाळतो. त्या पहिल्या छायाचित्रातले शेजारचे अंगण फार सुरेख आले होते. ‘अनंताकडे पाहणाऱ्याला देवाने शेजारी दाखवला’ असे एखादे गोड वाक्य त्यावर लिहिता आले असते. कादंबरीकाराला अशी वाक्ये लवकर सुचतात. पण चुकीतून चांगले निघाले, तरी ते चुकीचे समर्थन होत नाही. मी शब्द दिला होता तो दीपमाळेचा.

२०२३ च्या लक्ष्मीपूजनाला पुन्हा गच्चीवर गेलो. आदल्या महिन्यात अमावास्येच्या काळोखात ताऱ्यांवर भिंग तपासून घेतले होते. या वेळी दीपमाळेची ज्योत न् ज्योत वेगळी उतरली. आईने छायाचित्र हातात घेतले, पुष्कळ वेळ पाहत राहिली, आणि म्हणाली, “नवा चष्मा चांगला लागला बघ.”

मी तिला सांगितले, की आई, तुझ्या चष्म्याचे काही नव्हते. मागच्या खेपेला चूक कॅमेऱ्याची होती, आणि कॅमेरा न तपासल्याची माझी. तिने छायाचित्रावरून नजर न काढता हात हलवला.

“काहीतरीच सांगतोस! तू कसा चुकशील? तू शिकलेला आहेस.”