देवाशी खरे बोलावे, हसून बोलावे

देवाशी थट्टा करावी का, असे वारकऱ्याला कोणी विचारले तर तो आधी हसेल आणि मग विचारात पडेल. हसेल, कारण आपल्या संतांच्या गाथ्यांत देवाशी भांडण, रुसवे आणि टोमणे यांची इतकी रेलचेल आहे, की असा प्रश्न पडतोच कसा? विचारात पडेल, कारण स्वतः देवापुढे उभे राहिल्यावर आपण तसे बोलत नाही. हात जोडतो, डोळे मिटतो आणि पाठ असलेले चार सभ्य शब्द म्हणतो. तुकोबारायांचे भांडण चालीवर गातो, आणि आपले स्वतःचे भांडण घरी ठेवून येतो.

आमची दिघी आळंदी आणि पुण्याच्या मध्ये. प्रस्थानाच्या दुसऱ्या दिवशी माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्याकडे जाते. एरवी वर्षभर इथून भोसरी-चाकणच्या कंपन्यांच्या बसगाड्या धावतात, आणि त्याच बसमधली माणसे एकादशीला पायी आळंदीची वाट धरतात. अशाच एका एकादशीला दर्शनबारीत एक तरुण पुढे होता. कंत्राटी कामगार, नुकताच 'ब्रेक' मिळालेला. आमच्या पट्ट्यात हा शब्द सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो: नोकरी सलग भरू नये म्हणून काही महिन्यांनी कामगाराला घरी बसवतात, त्याला ब्रेक म्हणतात. समाधीपुढे येताच तो मोठ्याने म्हणाला, "माउली, मला ब्रेक मिळालाय. आता यंदाच्या वारीला मीपण तुला ब्रेक देतो." मागचे एक वयस्कर माळकरी रागावले. "अहो माउली, काय बोलता? देवाशी असं बोलतात का?" तो म्हणाला, "मग कोणाशी बोलू, बाबा? सुपरवायझर ऐकत नाही."

बारीत हशा पिकला. बाबा मात्र हसले नाहीत, आणि त्यांचा राग मला निव्वळ सोवळेपणाचा वाटला नाही. गळ्यात माळ घातली की जिभेला लगाम आला. थट्टेची सवय लागली तर उद्या श्रद्धेचीही थट्टा होईल, ही भीती खरी आहे. पण त्या तरुणाने त्या वेळी दुसरे काय म्हणायला हवे होते? 'तुझ्या कृपेने सर्व कुशल आहे'? ते तर धडधडीत खोटे झाले असते. ज्याला आपण अंतर्यामी म्हणतो त्याच्यापुढे उभे राहून खोटे बोलायचे, याच्याइतका हास्यास्पद प्रकार दुसरा नसेल. तो आपण रोज करतो आणि त्याला मर्यादा म्हणतो.

नाथमहाराजांनी हे पुरते ओळखले होते. त्यांच्या रोडग्याच्या भारुडातली सून भवानीला नवस बोलते, आणि मागते काय? गावाला गेलेला सासरा तिकडेच खपावा, सासू लवकर मरावी, जावेचे कपाळ उजाड व्हावे, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी. नवराही तिच्या यादीतून सुटत नाही. बदल्यात देवीला एक रोडगा! भारूड रंगात आले की सर्वांत आधी बायकांच्या बाजूने हसू फुटते. त्यानंतर कीर्तनकार उलगडा करतात, की सासू-सासरे म्हणजे अमुक विकार आणि एकटी राहणे म्हणजे तमुक अवस्था. अर्थ योग्यच आहे, पण मला वाटते आपण त्या अर्थाकडे जरा घाईने पळतो. आधी त्या बाईने मनातले ओठावर आणले, हे मोठे काम झाले. जी इच्छा तोंडातून बाहेर पडते तिचाच कुरूपपणा आपल्याला दिसतो, आणि दिसला की हसू येते. पोटात दडवलेली इच्छा नुसती सडत राहते.

हे फक्त आपल्याकडेच आहे, असे मानू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तने केली. ओळखीच्या माणसाशी बोलावे तसे देवाशी बोलण्याची आपली रीत त्यांच्याबरोबर चर्चमध्येही गेली. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वीची काही वर्षे ताटातुटीत गेली होती, पण 'स्मृतिचित्रे'त ते सगळे सांगताना त्या देवावर, नवऱ्यावर आणि सर्वांत जास्त स्वतःवर हसतात. त्या हसण्यात कुठे अश्रद्धा शोधावी, मला कळत नाही.

त्यांच्या बायबलातही याला आधार आहे. नव्वदीच्या सारेला मूल होणार, असे देव सांगतो, तेव्हा ती तंबूच्या दाराआड हसते. का हसलीस, असे विचारल्यावर घाबरून म्हणते, मी हसलेच नाही. देव म्हणतो, हसलीस. तिला शिक्षा होत नाही, फक्त तिचे खोटे तेवढे टिकू दिले जात नाही. पुढे मुलगा होतो आणि त्याचे नाव पडते इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. ईयोबाची गोष्ट याहून कडक आहे. सगळे गमावलेला ईयोब देवाला जाब विचारतो, आणि त्याचे तीन मित्र देवाची बाजू घेऊन त्याला सभ्यपणा शिकवतात. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, असा निवाडा देतो.

तरीही बाबांच्या बाजूने एक गोष्ट राहतेच. विनोदाने पडदा उघडतो, तसा तो ओढूनही घेता येतो. भजनी मंडळात एखादा नेहमीचा गमत्या असतो. 'पांडुरंगा, लॉटरी लाव, कळसाला सोनं चढवतो', असे दर एकादशीला म्हणतो आणि सगळ्यांना हसवतो. दिघीत जमिनीला भाव आला, हिस्से झाले, आणि सख्ख्या भावाशी त्याचे बारा वर्षे बोलणे नाही, हे मात्र पांडुरंगाला कधी सांगत नाही. त्याची थट्टा चवीची आहे, पण ती प्रार्थना नव्हे, प्रार्थनेपासून लपायची जागा आहे. जनाबाईंच्या नावावरच्या अभंगात विठोबाला सणसणीत शिव्या आहेत, तरी त्या ऐकताना ती दळणकांडण करणारी एकटी बाई लपत नाही, उलट पुरती दिसते. ब्रेक मिळालेला तो पोरगाही तसाच दिसला.

आणि काही दुःखांशी थट्टेने बोलताच येत नाही. नामदेवराय देवाशी भांडत ते देवळात उभे राहून, चोखोबांना तो उंबरठाही नव्हता. सोयराबाईंनी विटाळाबद्दल देवाला विचारले ते सरळ, न हसता: देहाचा जन्मच विटाळातून होतो, मग विटाळापासून सुटलेला देह कोणाचा? आपण हे अभंग शतकानुशतके टाळमृदंगाच्या गजरात गायलो. देवाला विचारलेला प्रश्न गाणाऱ्याच्याही कानी पडत होता, आणि गाणारे उघड्या दारातून आत जात होते. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, बाहेर. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ रोजी उपोषणाला बसले. ते सुटले १० मेला.