वर्गणी आणि भाडं

गेल्या डिसेंबरात आई-बाबा अबुधाबीला आमच्याकडे राहायला आले. इलेक्ट्रा स्ट्रीटवरच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये टीव्हीखाली एक काळा डबा दिवसभर गुरगुरत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनी त्याच्याकडे बोट केलं.

“हे काय?”

“कॉम्प्युटर. जुनाच आहे, टीव्हीला जोडलाय. सिनेमे, गाणी, फोटो, सगळं त्यात ठेवलंय.”

“पण टीव्हीवर तर सगळं दिसतंच. दरमहा पैसे भरतोस ना त्याचे?”

“भरतो. तीन ठिकाणी.”

“मग हे कशाला?”

पीएचडी करून, वर पोस्टडॉकची दोन वर्षं काढूनही या तीन शब्दांच्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आलं नाही. “हौस,” म्हणालो आणि वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात राहिला.

डबा तसा साधा आहे. बर दुबईत खालिद बिन अल वलीद रस्त्यावर कॉम्प्युटरची दुकानं ओळीने आहेत, तिथून एक वापरलेला डेस्कटॉप घेतला. त्यात दोन हार्ड डिस्क बसवल्या, एचडीएमआय केबल टीव्हीला लावली आणि जेलीफिन नावाचा मोफत प्रोग्रॅम टाकला. तुमच्यापैकी काहींनी कोडी वापरला असेल. हे त्याच जातीचं. फोल्डरमधल्या फायली वाचून तो त्यांना नाव, पोस्टर, कलाकार चिकटवतो. एखादी फाइल टीव्हीला झेपत नसेल तर चालता चालता तिचं रूपांतर करतो. मराठी सिनेमांशी मात्र त्याची फारशी ओळख नाही. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ 1982 सालचा, आणि तोच त्यांनी हिंदीत ‘सुबह’ नावाने केला. आमच्या डब्याने ‘उंबरठा’वर ‘सुबह’चं पोस्टर डकवलं. शेवटी मराठी नाव मी हाताने लिहिलं. वाळूचं वादळ येऊन गेलं की पंखाही हातानेच साफ करावा लागतो.

एवढा खटाटोप सुरू केला तो रागाच्या भरात. एक मराठी सिनेमा आम्ही अर्धा पाहून झोपलो. उरलेला पाहायला पुढच्या आठवड्यात बसलो तर ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’. पैसे भरलेले होते आणि चूक कुणाचीच नव्हती. कुठल्या तरी दोन कंपन्यांमधला करार संपला होता. 2009 साली ॲमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. त्यात ऑर्वेलचं ‘1984’ होतं, म्हणून तो किस्सा जगभर गाजला. पैसे परत मिळाले, पण आपल्या कपाटात दुसऱ्या कुणाचा हात पोचतो हे लोकांना तेव्हा कळलं.

बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे वर्गणी भरूनही दाखवत नाहीत?”

‘वर्गणी’ या शब्दापाशी मी थांबलो. सबस्क्रिप्शनला आपण सहज वर्गणी म्हणतो. पण बाबांच्या मनातली वर्गणी वेगळी आहे. ऐंशीच्या दशकात सांगलीत आमच्या गल्लीत रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणायचे. घराघरातून पैसे गोळा व्हायचे आणि एका रात्रीत तीन पिक्चर. ज्यांना जमलं नाही ते खिडकीतून पाहायचे, त्यांना कुणी हाकलत नसे. कुठले पिक्चर आणायचे यावर भांडणं व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या पैशांचा हिशोब मागता यायचा. गणपतीच्या वर्गणीचंही तेच. वर्गणी दिली की माणूस वाटेकरी होतो आणि त्याला चार शब्द बोलायचा हक्क मिळतो. मी दरमहा भरतो त्यात असा हक्क नाही. ते सरळ भाडं आहे.

भाड्यात वाईट काहीच नाही. इथे तर आमचं सगळं आयुष्यच भाड्याचं आहे. घराचे चेक वर्षाच्या सुरुवातीला पुढच्या तारखा घालून द्यायचे. व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी प्रकल्पाच्या निधीला बांधलेली. माझा करार आणखी चौदा महिन्यांचा आहे. मग सोफा, फ्रिज, टीव्ही विकून निघायचं. इतक्या नूतनीकरणांमध्ये एक तरी वस्तू अशी असावी जिची मुदत दुसरं कुणी ठरवत नाही, असं मला वाटलं असणार. ‘हौस’ म्हणालो ती बहुधा हीच.

पण ही झाली भावना. ती नीतीच्या कसोटीला उतरते का?

माझा एक मित्र देश सोडून जाताना त्याची हार्ड डिस्क माझ्याकडे ठेवून गेला. तीनशेच्या वर सिनेमे, त्यातले कित्येक मराठी, विकत घेतलेले बहुधा एकही नाही. मी बायकोला म्हणालो, यातले बरेचसे इथे कुठेच पाहायला मिळत नाहीत, कॉपी केले तर कुणाचं काय बिघडलं? ती म्हणाली, “वर्गणीवर एवढं बोलतोस. मग सिनेमा करणाऱ्याची वर्गणी कोण देणार?”

यावर मी बराच वाद घातला. बाबांच्या गल्लीतल्या कॅसेटी तरी कुठे सगळ्या अस्सल होत्या? पण चूक सगळेच करत होते म्हणून ती चूक राहत नाही, असं काही नाही. भारतीय कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे 1936 सालचा ‘संत तुकाराम’ आता सगळ्यांचा आहे, ‘उंबरठा’ 2042 संपेपर्यंत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी मराठी सिनेमा लहान बाजारात उभा राहतो. माझ्या हातात मालकी हवी म्हणून मी दुसऱ्याची मालकी नाकारत असेन, तर माझं तत्त्व दिवाणखान्यापुरतंच उरतं. ती डिस्क मी कॉपी केली नाही. ‘उंबरठा’ची डीव्हीडी बाबांनीच येताना आणली होती. सगळे तीनशे मात्र मिळणार नाहीत, आणि त्याची हळहळ वाटते हे कबूल करतो.

मग डब्यात ठेवण्याचा हक्क नेमका कशावर? याचं उत्तर बाबांच्या बॅगेत होतं. डीव्हीडीखाली प्लास्टिकच्या पिशवीत सात मिनीडीव्ही कॅसेटी होत्या. मी कॉलेजात असताना बाबांनी हँडीकॅमवर आजीला जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावून शूटिंग केलं होतं. मुळात अकरा कॅसेटी होत्या. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा चार तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. चिखल धुऊन पाहिला, पण काही उपयोग झाला नाही. आजी त्याआधीच गेली होती.

मोठ्या गोष्टीही अशाच जातात. 1931 सालच्या ‘आलम आरा’ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज शिल्लक नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. पण त्यांची आठवण ठेवणारे निदान अभ्यासक आहेत. आजीच्या ओव्या कुठल्याच कंपनीच्या यादीत येणार नाहीत. त्या आम्ही सांभाळल्या नाहीत तर दुसरं कुणी सांभाळणार नाही.

कॅसेटी इथे डिजिटल करून घेतल्या. बाबा जायच्या आदल्या रात्री आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो. जेलीफिनने आजीला ओळखलं नाही. पोस्टरच्या जागी करडा चौकोन होता. बाबांनी मला तिचं नाव टाईप करायला सांगितलं, मग गावाचं, मग वर्ष. पाच वर्षांच्या माझ्या मुलीने विचारलं, “ही आजी पुढच्या महिन्यात पण असेल?” मागच्या महिन्यात तिचं एक कार्टून असंच नाहीसं झालं होतं.

“असेल,” मी म्हणालो. पण म्हणताना ही जबाबदारी आता माझी आहे हे जाणवलं. हार्ड डिस्कही कायमची नसते. म्हणून एक प्रत बाबांबरोबर सांगलीला पाठवली, दुसरी पुण्यात बहिणीकडे असते. या वेळी ती वरच्या मजल्यावर ठेवायची, असं आईने बजावलंय.

बाबांच्या प्रश्नाचं आज मी एवढंच उत्तर देईन: आपल्याला जे सांभाळायचं आहे ते ठेवायला हा डबा आहे. बाकीचं भाड्याने पाहावं आणि भाडं वेळेवर भरावं. चौदा महिन्यांनी डबासुद्धा विकून टाकीन. दोन डिस्क तेवढ्या हातातल्या बॅगेत येतील.