खोली आहे, बाई हव्यात

सांगोला तालुक्यात गाव म्हणजे एका जागी गोळा झालेली घरे नव्हेत. माणसे आपापल्या मळ्यात, डाळिंबाच्या बागेच्या कडेला राहतात, आणि एका गावाच्या नावाखाली कितीतरी वस्त्या पांगलेल्या असतात. अशा मुलखात चार वर्षांच्या पोराला चालत गाठता येईल अशी जागा बहुतेकदा वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळाच असते. तिचा पट घटला की एखादी वर्गखोली मोकळी पडते. तिथे बालवर्ग भरवावा हे कोणालाही सुचेल. पण पैशाचा हिशेब मांडायला बसलो की आपण आधी खोलीचा मांडतो. खरा खर्च असतो बाईंचा.

खोलीला पैसे एकदा लागतात: फरशी, रंग, बुटके नळ, लहानग्यांना बसता येईल असे शौचालय. बाईंचे मानधन दरमहा लागते. आणि या वयाचे मूल शिकते ते माणसाकडूनच. त्याची अर्धी बोबडी गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेणारे, काल रडून गेलेल्याला आज नावाने हाक मारणारे कोणीतरी रोज तिथे असावे लागते. दिवाळीनंतर बाई बदलल्या तर मुलाला ओळखीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

आता निधीच्या वाटा पाहा. ग्रामपंचायतीला पंधराव्या वित्त आयोगाचा अबंधित निधी गावाच्या गरजेसाठी मिळाला, पण त्यातून पगार देता येणार नाही अशी अट होती. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेतल्या पूर्वप्राथमिक वर्गासाठी खेळणी आणि साहित्याला दर मुलामागे वर्षाला 500 रुपयांपर्यंत तरतूद आहे. वीस मुलांच्या वर्गाला दहा हजार. मणी, ठोकळे, चित्रांची पुस्तके येतील. बाई कुठून येणार? 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाला हक्क दिला. तीन ते सहा वयाची सोय सरकारच्या इच्छेवर सोडली.

उरते लोकवर्गणी. पहिल्या वर्षी पालक उत्साहाने देतात. मग तेल्याने किंवा खोडकिड्याने बाग जाते आणि वर्गणी आटते. घर ओढगस्तीत असते, आई मजुरीला बाहेर पडलेली असते, म्हणजे मुलाला वर्गाची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच वर्ग बंद होतो. त्या वर्षी वर्गणीवरच्या वर्गाने त्या आईला काय उत्तर द्यायचे?

‘अंगणवाडी आहेच की,’ असे कोणी म्हणेल. आहे, आणि तिचे ऋण मोठे आहे. पण 1975 पासून एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडीवर आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पोषणाची शिकवण अशी कामे सोपवली. शाळापूर्व शिक्षण हे त्यांतले एक. वजनाच्या नोंदी आणि आहारवाटप सांभाळून सेविकाताईंनी गोष्टही सांगावी, ही अपेक्षा एका माणसाकडून फार आहे. अंगणवाडी शाळेच्या आवारातच असेल तर त्यांच्या जोडीला दुसरी बाई द्यावी. तीन ते आठ हा एकच टप्पा मानणाऱ्या 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात याला पूर्ण वाव आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी मांडली होती, तीही आदिवासी पाड्यांच्या मुलखात.

इंग्लंडने 2024 मध्ये प्राथमिक शाळांतल्या मोकळ्या खोल्यांत शिशुवर्ग काढण्यासाठी प्रत्येक शाळेला दीड लाख पौंडांपर्यंत मदत जाहीर केली. ती जागेसाठी. वर्ग चालवायचा पैसा तिथे मुलाच्या तासांमागे सरकार वेगळा देते. दोन खर्चांना दोन खाती, हे आपण घ्यावे.

बाईंचे खाते न उघडता वर्ग काढले तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. 2000च्या सुमारास राज्यात वस्तीशाळा निघाल्या. गावातली शिकलेली मुले-मुली महिन्याला हजार रुपयांवर शिकवायला उभी राहिली, आणि पांगलेल्या वस्त्यांवरची पोरे शाळेत आली. त्या निमशिक्षकांना नियमित वेतनावर यायला 2014 उजाडले. तोवरचा भार त्यांच्या घरांनी सोसला. बालवर्गाच्या बाईंवर तीच वेळ आणणे अन्याय होईल.

म्हणून माझी मागणी जिल्हा परिषदेकडे आहे. नव्या खोल्यांचा प्रस्ताव थांबला तरी चालेल. स्वनिधीतून बालवर्गाच्या बाईंचे मानधन, निदान तीन वर्षांचे, आधी मंजूर करावे आणि मगच वर्ग उघडावा. आज तीन वर्षांचे असलेले मूल पहिलीत जाईपर्यंत बाई त्याच राहतील, एवढी ती मुदत आहे.